अर्धा र

वीज कंपनीच्या दुसऱ्या खिडकीवर
दिवसभर मी लोकांच्या नावांतल्या चुका काढते.
माझं नाव तसंच राहिलंय.
गुजरातीत लिहिलं की कऱ्हाडकरांचा र
टुणकन ह-च्या डोक्यावर जाऊन बसतो,
रफार होतो.
एकतीस वर्षं त्याच नावाखाली पगार घेते.

रात्री, दांडिया बाजारात, भांडी आवरल्यावर
दुसरी नोकरी, बिनपगारी.
ऑफिसनं भंगारात काढलेला बत्तीस बिटांचा डबा,
त्याचा पंखा दमेकऱ्यासारखा.
जगभरची माणसं फुकट वाटतात ती सगळी सिस्टिम,
आणि तिच्यातलं एक पॅकेज माझ्या नावावर:
एक जुना फॉन्ट.
कोण वापरतं, ठाऊक नाही.
बिघडला की मात्र कुणीतरी कळवतं.

आधी तो एइनो सांभाळायचा, तांपेऱ्याचा.
तिकडे डिसेंबरात दुपारी तीनलाच अंधार पडतो,
असं त्यानं कधीतरी सहज लिहिलेलं.
तीन वर्षांपूर्वी त्यानं कळवलं, डोळे थकलेत, कुणी घेईल का?
यादीत फॉन्टपुढे शब्द आला: अनाथ.
मी घेतला.
कुणी विचारलं नाही, बाई, तुमचं शिक्षण काय.

चाचणीच्या फाइलीत त्याची एक ओळ होती:
दऱ्या सुऱ्या पऱ्हाटी तऱ्हा आचाऱ्याला
आणि खाली टीप:
अर्थ माहीत नाही. आकार असाच हवा.

अकरा वर्षं, दर नव्या आवृत्तीला,
हा माणूस ती ओळ मोठी करून बघत बसायचा,
गालावर पापणीचा केस पडावा तशी ती रेघ
जागच्या जागी आहे ना.

गेल्या महिन्यात अक्षरं जुळवणारं इंजिन
कुणीतरी झाडूनपुसून लख्ख केलं
आणि माझ्या डब्यावर
दऱ्यांचा दर्या झाला.
आचाऱ्याला बसल्या जागी आचार्यपद.
बाकीच्यांकडे सगळं ठीक.
"माझ्याकडे चालतंय," बर्लिनहून.
"माझ्याकडे चालतंय," पुण्याहूनसुद्धा,
वर हसरा चेहरा.

चार रात्री शोधलं.
तिसऱ्या रात्री विश्वामित्रीतली मगर
मागच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये निघाली,
पोरं बॅटऱ्या घेऊन धावली,
मी गॅलरीतून एकदा बघितलं, मोठी होती,
आणि परत येऊन बसले.

चौथ्या रात्री सापडलं.
र आणि या यांच्यामध्ये एक अक्षर असतं,
न दिसणारं.
रुंदी शून्य.
काम एवढंच, अलीकडच्याला पलीकडच्याशी धरून ठेवायचं.
साफसफाईत कुणाला तरी ती जागा रिकामी वाटली असणार.
जुन्या मशिनींवर ते गळून पडत होतं.

दुरुस्ती दोन ओळींची.
पण तिघांचा होकार पडल्याशिवाय
ती चाचणीतून बाहेर जात नाही,
आणि माझा धरत नाहीत.
पहिला होकार ग्वाल्हेरच्या एका पोराचा आला,
आजोबांच्या मशीनवर करून बघितलं म्हणाला.
दुसरा ब्राझीलहून: वाचता येत नाही, चित्र जुळतंय.
मग पाच दिवस काही नाही.
सकाळी खिडकी, रांग, लाइट-बिलं,
संध्याकाळी सेव-उसळ, जास्तीचा तर्री मागून,
रात्री तोच आकडा: दोन.

सहाव्या दिवशी पहाटे एइनोचं नाव दिसलं.
भाचीला बसवून बघून घेतलं, त्यानं लिहिलं,
तिला विचारलं, केस आहे का तिथे?
ती म्हणते, आहे.

मी त्याला उत्तर लिहायला घेतलं,
की दऱ्या म्हणजे डोंगरांमधली खोल जागा,
की इकडे बडोद्यात दऱ्याही नाहीत आणि दर्याही नाही,
की पऱ्हाटी मी सुद्धा नुसती बसमधून पाहिलीय.
मग पुसलं. थँक यू एवढंच ठेवलं.

फाइल बंद करण्याआधी
त्याच्या ओळीच्या शेवटी एक शब्द वाढवला:
कऱ्हाडकर.
खालच्या टिपेला हात लावला नाही.